स्वस्त क्वाडकॉप्टर घरात नीट उडते, मोकळ्यावर मात्र वाहून जाते. सराव कसा करावा?

कृष्णाकाठ:

नमस्कार. माझी तेरा वर्षांची भाची सुट्टीसाठी सांगलीला आमच्याकडे आली आहे आणि तिच्या हट्टामुळे (खरे सांगायचे तर निम्मा हट्ट माझाच होता) आम्ही साडेतीन हजार रुपयांचे एक छोटे क्वाडकॉप्टर (चार पात्यांचे ड्रोन) विकत घेतले. बॅटरीसह त्याचे वजन स्वयंपाकघरातील काट्यावर ९२ ग्रॅम भरले. त्याला जीपीएस नाही, उंची आपोआप राखणारा अल्टिट्यूड होल्ड आहे, दोन गती आहेत आणि हेडलेस मोडचे (यंत्राची पुढची बाजू कोठेही वळलेली असली तरी स्टिकच्या दिशा त्याच राहतात अशा मोडचे) एक बटण आहे. सोबत दोन बॅटऱ्या मिळाल्या असून प्रत्येकी जेमतेम सात मिनिटे चालतात.

पहिले दोन दिवस आम्ही ते बैठकीच्या खोलीत उडवले. पात्यांभोवती गार्ड लावलेले होते, मंद गती होती आणि तिसऱ्या बॅटरीपर्यंत भाची ते सोफ्यावरून टीपॉयवर सहज उतरवू लागली. त्या भरवशावर आम्ही गच्चीवर गेलो, तर वर उचलताक्षणी ते कठड्याकडे सरकले, आपटले आणि एक पाते तुटले. गच्ची लहान पडते असे समजून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आम्ही गावाबाहेर एका मित्राच्या मोकळ्या रानात गेलो. जमिनीवर आपटू नये म्हणून मी ते मुद्दाम वर नेले, अंदाजे वीस मीटर. तेथून ते हळूहळू आमच्यापासून दूर जाऊ लागले. मी उजवी, म्हणजे दिशा देणारी, स्टिक पूर्ण मागे ओढली, तरी ते दूरच जात राहिले. मग घाबरून हेडलेसचे बटण दाबले आणि त्यानंतर कोणती बाजू पुढची आणि कोणती मागची हेच मला कळेनासे झाले. शेवटी मी डावी, म्हणजे उंचीची, स्टिक खाली ओढून धरली आणि ते शेजारच्या आडसाली उसात दिसेनासे झाले. अंधार पडेपर्यंत दीड तास शोधले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पाजायला आलेल्या शेतमालकांना ते सापडले. त्यांनी ते हसत परत दिले हे त्यांचे मोठेपण, परंतु ‘उसात पुन्हा शिरताना आधी सांगून शिरा’ असेही बजावले, आणि ते योग्यच होते.

आता माझे प्रश्न असे आहेत. यंत्रात काही दोष आहे की दोष माझ्या हातात आहे? हेडलेस मोड शिकताना वापरावा की नाही? आणि मोकळ्या जागेत सरावाची सुरुवात नेमकी कशी करावी?

झुळूक:

तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावरून यंत्र बहुधा निर्दोष आहे, आणि ते तपासण्याचा सोपा मार्ग घरातच आहे. छताचा पंखा बंद करा, खिडक्या लावा, यंत्र सपाट फरशीवर ठेवून कॅलिब्रेट करा (म्हणजे समतल स्थिती कोणती हे त्याला ओळखू द्या), मीटरभर उंचीवर उचला आणि दोन्ही स्टिक सोडून द्या. ते दरवेळी एकाच दिशेला सरकत असेल तर ट्रिमची (स्टिक मध्यावर असतानाच्या समतोलाची) किंवा एखाद्या थकलेल्या मोटरची शंका घ्यावी, अन्यथा नाही. नंतर पंखा एकवर सुरू करून हाच प्रयोग पुन्हा करा. एवढ्याशा वाऱ्यानेही ते कसे हलते हे एकदा डोळ्यांनी पाहिले की गच्चीवर काय झाले याचा उलगडा होईल.

अल्टिट्यूड होल्ड या नावामुळे पुष्कळांचा असा समज होतो की स्टिक सोडली म्हणजे यंत्र आहे तेथेच थांबेल. तसे ते थांबत नाही. आतील दाबमापक हवेच्या दाबावरून केवळ उंची राखतो आणि जायरो (वळणे-झुकणे ओळखणारा संवेदक) यंत्राला आडवे, म्हणजे समतल ठेवतो. जमिनीवरील कोणत्या बिंदूच्या वर आपण आहोत हे तुमच्या यंत्राला ठाऊकच नसते. त्यामुळे कृष्णेत सोडलेले पान जसे प्रवाहाबरोबर जाते तसे ते हवेबरोबर जाते, आणि त्याच्या दृष्टीने ते अगदी स्थिर असते!

आता त्या संध्याकाळचा हिशेब मांडू. माझ्याकडे याच वजनाचे एक यंत्र आहे आणि त्याचा वेग मी शाळेच्या मैदानावर पावलांनी अंतर मोजून पाहिला आहे: मंद गतीत सेकंदाला साधारण अडीच मीटर, जलद गतीत साधारण पाच. मंद गतीत यंत्राला फारसे झुकूच दिले जात नाही. नवशिक्याच्या हाती ते सोयीचे असले तरी वाऱ्याविरुद्ध जाण्याची ताकद त्या झुकण्यातूनच येते. जमिनीलगत घर्षणामुळे वारा मंदावलेला असतो आणि उंचीबरोबर वाढत जातो. तुमच्या चेहऱ्याला सुखद वाटणारी झुळूक वीस मीटरवर सेकंदाला चार मीटरची सहज असू शकते. म्हणजे तुम्ही स्टिक पूर्ण ओढलेली असतानाही यंत्र सेकंदाला दीड मीटर वेगाने मागे जात होते. पुढे तुम्ही ते खाली उतरवू लागलात, तेव्हा या खेळण्यांना उतरण्याचा वेगही मर्यादित ठेवलेला असतो. सेकंदाला एक मीटर धरला तर वीस मीटर उतरायला वीस सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात वाऱ्याने ते साठ-सत्तर मीटर नेले असणार. ऊस तेवढ्याच अंतरावर होता ना?

‘वर नेले म्हणजे सुरक्षित’ हा पतंगाचा संस्कार आहे. पतंगाला वर वारा हवा असतो, आपल्याला नको असतो. पहिले काही दिवस डोक्याच्या उंचीपेक्षा वर जाऊच नका. गच्ची तर वर्ज्यच समजा, कारण कठड्यावरून येणारा वारा आत भोवरे घालतो आणि दोन पावलांवर त्याची दिशा वेगळी असते. वेळ सकाळची, उजाडल्यापासून आठपर्यंतची. जमीन तापली की हवा वर उठू लागते आणि मग कोणत्याही क्षणी धक्के बसतात. निघण्यापूर्वी झाडाकडे पाहा. पाने स्तब्ध असतील तर उत्तम. पाने नुसती सळसळत असतील तर वारा ताशी ६ ते ११ किलोमीटर असतो, अशा वेळी जपून उडवता येते. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर तो ताशी १२ ते १९ किलोमीटर असतो, तेव्हा चहा पिऊन घरी परतावे.

आणखी एक सवय आजपासून लावून घ्या. उड्डाण नेहमी वाऱ्याच्या उगमाच्या बाजूला करा, म्हणजे वारा तोंडावर घेऊन उभे राहा आणि यंत्र समोर ठेवा. हात चुकला तर ते तुमच्याकडे येईल, उसाकडे नाही. तरीही वाहू लागलेच तर आधी जलद गती चालू करा, मग उंची कमी करा आणि त्यानंतर परत आणण्याचा विचार करा.

उजवी_स्टिक:

वाऱ्याविषयी वर जे लिहिले आहे त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे, म्हणून मी केवळ हातांविषयी लिहितो.

हेडलेस मोड बंद ठेवा, आणि उड्डाणाच्या मध्ये तर तो कधीही चालू करू नका. त्या मोडमध्ये यंत्र ‘पुढे’ म्हणजे कोणती दिशा हे सुरुवातीला, तुम्ही ते जमिनीवर ठेवता त्या स्थितीवरून ठरवते आणि नंतर ती दिशा जायरोच्या आधारे लक्षात ठेवते. स्वस्त जायरोची ही आठवण दोन-तीन मिनिटांत, विशेषतः एखादी धडक बसल्यावर, वीस-तीस अंशांनी भरकटते. तुम्ही वर असताना बटण दाबले तेव्हा स्टिकचा अर्थच बदलला, म्हणून गोंधळ झाला. तो गोंधळ तुमचा नव्हता.

सराव मात्र कंटाळवाणा आहे आणि तो तसाच करावा लागतो. यंत्राचे शेपूट आपल्याकडे, नाक समोर, अंतर चार पावले, उंची कमरेइतकी. जमिनीवर चुन्याने किंवा चार चपलांनी दोन मीटरचा चौकोन आखा आणि एक संपूर्ण बॅटरी त्याच्या मधोमध यंत्र तरंगत ठेवण्यात घालवा. येथे लक्षात येईल की स्टिक धरून ठेवायची नसते. टिचकी मारल्यासारखी द्यायची आणि मध्यावर परत आणायची असते, आणि यंत्र हवेतून घसरत असताना ते थांबवण्यासाठी उलट बाजूला तेवढीच टिचकी द्यावी लागते. बहुतेक नवशिके ही दुसरी टिचकी विसरतात, मग घाबरून मोठी देतात आणि यंत्र झोक्यासारखे इकडून तिकडे जाऊ लागते. दोन्ही स्टिकवर अंगठ्यांबरोबर तर्जनीही ठेवून पाहा. माझा हात त्यामुळे बराच शांत झाला.

चौकोन जमला की त्याच्या चार कोपऱ्यांवर, नाक समोरच ठेवून, फिरा. मग यंत्र उजवीकडे वळवून, म्हणजे त्याची कूस तुमच्याकडे करून, तेच करा. नंतर डावीकडे वळवून. खरी परीक्षा नाक तुमच्याकडे असताना होते, कारण तेव्हा डावे-उजवे उलटे होते. ‘उलटे करायचे’ असे मनात घोकत बसलात तर वेळ निघून जातो. त्यापेक्षा एक जुनी युक्ती आहे: यंत्राची जी बाजू खाली झुकताना दिसेल, उजवी स्टिक त्याच बाजूला न्यायची, जणू आपण पडणाऱ्या बाजूखाली टेकू देत आहोत. नाक तुमच्याकडे असेपर्यंत ही युक्ती दरवेळी खरी ठरते. मागच्या दोन्ही पायांना झगझगीत नारिंगी चिकटपट्टी लावा. पांढऱ्या यंत्राचे नाक तीस मीटरवर कोणालाही ओळखता येत नाही.

गच्चीकर:

हेडलेस मोडबद्दल थोडी असहमती नोंदवतो. माझ्या आठ वर्षांच्या मुलाने त्याच मोडमध्ये सुरुवात केली आणि त्यामुळेच त्याचा उत्साह टिकला. पहिल्याच दिवशी यंत्र पाच वेळा आपटले असते तर त्याने रिमोट बाजूला ठेवून दिला असता. लहान मुलांसाठी, घरात आणि थोड्या दिवसांसाठी, त्याचा उपयोग आहे असे माझे मत आहे.

उजवी_स्टिक:

आठ वर्षांच्या मुलासाठी आणि घरात, हे मान्य. परंतु तेरा वर्षांच्या मुलीला सायकल शिकवताना आपण बाजूची चाके लावत नाही. शिवाय हेडलेसमध्ये गेलेले पंधरा दिवस नंतर विसरावे लागतात. माझे गेले आहेत.

नकाशा_आधी:

नियमांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाचे यंत्र ‘नॅनो’ वर्गात येते आणि ते चालवण्यासाठी दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. याचा अर्थ ते कोठेही उडवावे असा नव्हे. देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांत वाटलेले असून त्याचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. हिरव्या विभागात १२० मीटरपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर आहे. सांगलीला सर्वांत जवळचा चालू विमानतळ कोल्हापूरचा, म्हणजे तुम्ही त्या वर्तुळाच्या पुष्कळ बाहेर आहात, तरीही नेमक्या जागेवर नकाशा उघडून पाहाच. याशिवाय मुंबईसारख्या शहरांत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात आणि ते खेळण्याच्या ड्रोनलाही लागू होतात. मी पुण्यात लोहगाव विमानतळाच्या बाजूला राहतो, त्यामुळे घराजवळ उडवण्याचा प्रश्नच येत नाही. दर रविवारी पिशवी घेऊन दीड तास गाडी चालवतो. तुमच्या दारात रान आहे, याचा मला हेवा वाटतो.

सोल्डरधूर:

ऊस आणि दुरुस्ती या दोन्हींचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी सविस्तर लिहितो आहे.

उसात पडलेले हलके यंत्र सहसा जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. नव्वद ग्रॅमचे यंत्र वाढ्यातच, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पानांतच, अडकते आणि आपण मात्र वाकून सरीत, पाचटात शोधत बसतो. तुमच्या शेतमालकांना ते खाली सापडले की वर लटकलेले, हे सांगितलेत तर बरे होईल. यंत्र दिसेनासे होताच जागचे हलू नका. जेथे उभे आहात तेथून ज्या दिशेला ते शेवटचे दिसले तिकडे हात धरा आणि त्या रेषेत दूरवर एखादा विजेचा खांब किंवा झाड हेरून ठेवा. भाची तुमच्यापासून वीस-तीस पावले बाजूला उभी राहत असेल तर तिनेही तेच करावे. दोन रेषा जेथे छेदतात तेथेच शोध सुरू करावा. उड्डाणाच्या वेळी दोघांनी अंतर ठेवून उभे राहण्याचा हा फायदा आहे. अंधार पडल्यावर यंत्राचे दिवे पानांतून चमकतात, त्यामुळे बॅटरी जिवंत असेल तर संध्याकाळ ही शोधाला वाईट वेळ नाही. मात्र पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात बूट आणि हातात काठी असल्याशिवाय, आणि मालकाला विचारल्याशिवाय, फडात शिरू नये. पाती अडकलेल्या अवस्थेत स्टिक देऊन मोटर फिरवण्याचा प्रयत्न करू नका. आवाजावरून शोधण्याची कल्पना सुचते खरी, पण अडलेली मोटर काही सेकंदांत जळते.

आता ते परत मिळाले आहे तर उडवण्यापूर्वी चारही पाती काढून मोटरच्या दांड्याभोवती पाहा. उसाच्या पानांचे तंतू, गवत आणि घरात उडवले असेल तर लांब केस तेथे घट्ट गुंडाळलेले असतात. बारीक चिमट्याने ते सोडवा. प्रत्येक पाते बोटाने फिरवून पाहा, जे लवकर थांबते त्या मोटरमध्ये माती गेली आहे. या लहान यंत्रांतील ब्रश असलेल्या मोटरांचे आयुष्य मुळातच थोडे असते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांच्या नियमित सरावानंतर एखादी बदलावी लागली तर तो दोष मानू नये.

पाती बदलताना फार जण चुकतात. कर्णरेषेत समोरासमोर असलेल्या कोपऱ्यांवरील दोन मोटरी एकाच दिशेने फिरतात आणि उरलेल्या दोन उलट दिशेने, म्हणून पातीही दोन प्रकारची असतात. त्यांच्या मुळाशी ‘ए’ आणि ‘बी’ अशी अगदी बारीक अक्षरे कोरलेली असतात आणि ती उन्हात तिरकी धरल्याशिवाय दिसत नाहीत. एक जरी चुकीचे बसले तर यंत्र उचलताक्षणी कलंडते. त्यामुळे एका वेळी एकच पाते काढा आणि त्याच्या जागी तसेच बसवा.

बॅटरीबद्दल जरा कठोरपणे लिहितो. ती लिथियम पॉलिमरची आहे. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि ठेवायची झाली तर ३.८ च्या आसपास. रात्री पूर्ण भरून आठवडाभर ठेवलेली बॅटरी हळूहळू फुगते. उतरवल्यावर ती गरम असते, तेव्हा पंधरा-वीस मिनिटे थांबून मगच चार्जिंगला लावा, आणि चार्जिंग चालू असताना घर सोडून जाऊ नका. उन्हाळ्यात दुचाकीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका. फुगलेली बॅटरी ‘अजून चार मिनिटे चालते’ म्हणून वापरणारे मित्र मला आहेत आणि त्यांच्याशी माझे यावरून भांडण होते. सात मिनिटांची बॅटरी पाच मिनिटांत उतरवा, कारण शेवटच्या दोन मिनिटांत ताकद घटते आणि नेमकी तेव्हाच वाऱ्याविरुद्ध परत यायचे असते. फोनवर पाच मिनिटांचा गजर लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कृष्णाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितो आहे, कारण आधी करून पाहावे असे ठरवले होते.

पंख्याचा प्रयोग केला. यंत्र निर्दोष निघाले. शेतमालकांना विचारले, तर यंत्र खरोखरच वाढ्यात, त्यांच्या डोक्याच्याही वर लटकलेले होते आणि आम्ही दीड तास त्याच्या खालून फिरलो होतो. आता आम्ही सकाळी सव्वासहाला रानात असतो. चार चपलांच्या चौकोनात पहिल्या दिवशी मला सलग अकरा सेकंदही यंत्र ठेवता आले नाही. काल दीड मिनिट ठेवले. भाची कूस आपल्याकडे ठेवून चारही कोपरे फिरते आणि पडत्या बाजूला टेकू देण्याची युक्ती तिला दोन बॅटऱ्यांत जमली. मला अजून जमलेली नाही, नाक माझ्याकडे वळले की माझा अंगठा आपोआप चुकीकडे जातो. परवा आठनंतर वारा उठला तेव्हा यंत्र वाहू लागले, परंतु आम्ही तोंडावर वारा घेऊन उभे असल्यामुळे ते आमच्या डोक्यावरून मागे गेले आणि नांगरलेल्या ढेकळांत उतरले.

एक शंका उरली आहे. सुटी पाती मागवली होती, त्या पाकिटातील चारही पात्यांवर, उन्हात तिरकी धरून पाहिले, ‘ए’ हेच अक्षर आहे. दोन उलटी करून बसवली तर चालतील का?

सोल्डरधूर:

चालणार नाहीत. पाते पालथे केले तरी ते ज्या दिशेने फिरायला घडवलेले आहे ती दिशा बदलत नाही. ‘बी’च्या जागी ते हवा खाली ढकलण्याऐवजी वर ढकलेल. विक्रेत्याला छायाचित्र पाठवून ‘बी’ची जोडी मागा. तोवर तुटलेल्या पात्याच्या जागी, मूळ संचासोबत आलेल्या चार सुट्या पात्यांपैकी ‘बी’ वापरा. ती पुष्कळदा खोक्याच्या तळाशी, माहितीपत्रकाच्या घडीत चिकटवलेली असतात.

कृष्णाकाठ:

माहितीपत्रकाच्या घडीतच होती. धन्यवाद.